गोठा रिकामा झाला त्याची गोष्ट

एका रात्रीत माझ्या 17 गाई, 2 ट्रॅक्टर आणि उभा ऊस गेला. घरात माझ्या नावावर कुंडीतली तुळस आहे, तेवढीच. बाकी सगळी शेती ऑनलाइन गेममधली. पण सहा वर्षं पहाटे उठून धारा काढल्या होत्या हो! आईला सांगितलं, तर तिचा पहिला प्रश्न, "म्हशी ठेवल्या का?"

करणी माझीच. सोनेरी ट्रॅक्टर फुकट मिळतोय म्हणून कुठलीशी फाइल उतरवली. अँटीव्हायरस आडवा आला, तेव्हा त्यालाच पाच मिनिटं बंद केलं.

गाई गेल्याचं कळताच ईमेलवरून नवा पासवर्ड घेतला. दहा मिनिटांत तोही चालेना. पुन्हा घेतला, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला बारावीतला भाचा म्हणाला, "मामा, त्याच कॉम्प्युटरवर टाइप करतोयस? तू जे बडवतोयस ते सगळं त्या फाइलमधून चोराला पोचतंय."

त्याने आधी वायफाय काढलं. मग स्वतःच्या फोनवरून माझ्या ईमेलचा पासवर्ड बदलला आणि सगळीकडून लॉगआउट केलं. नाहीतर म्हणे चोर जुन्याच लॉगिनवर आत बसून राहतो. ईमेलच्या सेटिंगमध्ये एक नियमही सापडला : गेम कंपनीचं पत्र आलं की थेट कचऱ्यात. इतकी शिस्त माझ्या इनबॉक्सने कधी पाहिली नव्हती. फोटो तेवढे पेनड्राइव्हवर घेऊन विंडोज नव्याने टाकलं.

आता कंपनी. खातं तुमचंच कशावरून? जन्मतारीख सांगा. खरी सांगितली, चुकली. मग आठवलं, खातं उघडताना वर्षांची यादी बोटाने भिरकावली होती आणि ती 1907 वर थांबली होती. म्हणजे मी आधार कार्डावर 1978 चा आणि कंपनीच्या दप्तरी शंभरी ओलांडलेला शेतकरी. पहिल्या शिक्षकांचं नाव? तिथेही त्या वेळी बोटाला येतील ती अक्षरं बडवलेली. चोराला विचारलं असतं तर त्याने बिनचूक सांगितलं असतं. शेवटी बँकेच्या स्टेटमेंटमधली 79 रुपयांची नोंद कामी आली. कोंबडीखाद्य. हा खर्च बायकोने बघू नये म्हणून मी काय काय केलं होतं, आणि आता तेच स्टेटमेंट छापायला तिलाच प्रिंटर मागितला.

नवव्या दिवशी खातं परत मिळालं. भाच्याने लगेच टू-फॅक्टर बसवलं, म्हणजे पासवर्डवर आणखी एक कुलूप. फोनवर सहा आकडी कोड येतो, 30 सेकंदांनी बदलतो. मी चष्मा शोधून येईपर्यंत चौथा कोड चालू असतो. फोनच हरवला तर वापरायचे बॅकअप कोड कागदावर लिहून पंचांगात ठेवलेत. चतुर्थी बघायला बायको पंचांग उघडते तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो.

काल आईचा फोन.

"आल्या का गाई?"

"नाही गं. कंपनीने दोन कोंबड्या दिल्या."

"अंडी घालतात का, ते बघून घेतलंस ना?"