वायपरच्या फ्यूजला चांदी गुंडाळायचा मेसेज पुढं पाठवू नका

"जुन्या गाडीचा वायपर बंद पडलाय? मेकॅनिककडं जाऊ नका, ५ मिनिटांत घरीच दुरुस्त करा" असा एक मेसेज गेले दोन पावसाळे ग्रुपवर फिरतोय. मी वाचला होता आणि सोडून दिला होता. या जुलैत तो मेढ्याला आमच्या मामांच्या फोनवर पोचला आणि मामांनी त्यातलं पहिलंच कलम करून बघितलं, म्हणून आता गप्प बसवत नाही.

पहिलं कलम असं आहे: "फ्यूज सारखा उडत असेल तर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळा, नाहीतर डबल अँपिअरचा टाका, परत कधी उडणार नाही."

परत उडणार नाही हे खरंच आहे, आणि तेच तर वाईट आहे. फ्यूज मोटर वाचवायला नसतो, वायर वाचवायला असतो. मामांची गाडी ८६ सालची प्रीमियर पद्मिनी, वायपरला चिनी मातीचा पांढरा ८ अँपिअरचा फ्यूज. लाल असतो तो १६ चा. लोकांना वाटतं ८ चे १६ केले तर वायर दुप्पट तापेल, एवढं चालतंय. नाही चालत. ज्यूलचा नियम दहावीला सगळ्यांनी पाठ केलाय, उष्णता ही विद्युतधारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे करंट दुप्पट झाला की त्याच वायरीत उष्णता चौपट. आणि चांदी गुंडाळली तर ती किती अँपिअरला वितळणार हे गुंडाळणाऱ्यालाही सांगता येत नाही. मागं बॅटरी आहे जी स्टार्टरला शेकडो अँपिअर देते, ती काय वायपरची वायर बारीक आहे म्हणून हात आखडता घेणार नाही.

मामा मेढ्याहून महाबळेश्वरला निघाले होते, केळघर घाटात धुकं आणि वर जोराचा पाऊस. वायपर आधी जड झाला, मग डॅशबोर्डमागनं जळकट वास आला, मग धूर. नशीब बाजूला घ्यायला जागा मिळाली आणि त्यांनी लगेच बॅटरीची वायर काढली. मागच्या सीटवर माझी ८ वर्षांची भाची होती. वायपरच्या वायरचं कव्हर वितळून शेजारच्या हॉर्न आणि इंडिकेटरच्या वायरींना चिकटलेलं मी स्वतः बघितलं. अजून पाच मिनिटं गाडी तशीच चालली असती तर काय झालं असतं ते मला लिहायचंही नाही.

बरं, फ्यूज मुळात उडत का होता? डाव्या बाजूचा स्पिंडल, म्हणजे वायपरचा हात ज्यावर फिरतो तो दांडा, जाम झाला होता. काचेखालचा त्याचा रबर वाळून तडकलेला, पाणी आत जाऊन गंज धरला, जुनं ग्रीस चामड्यासारखं झालेलं. मोटर अडली की तिचा वेग पडतो आणि वेग पडला की ती जास्त करंट ओढते, पूर्ण अडकली तर चालू असतानाच्या कितीतरी पट. फ्यूज बिचारा दर वेळी तेच सांगत होता. हे तपासायला फक्त मोटरचा क्रँक (मोटरवर फिरणारा छोटा दांडा) लिंकेजपासून, म्हणजे हातांना हलवणाऱ्या सळ्यांपासून, सोडवायचा आणि वायपरचे हात हातानं हलवून बघायचे. (क्रँक न सोडता जोर लावू नका, आतल्या वर्म गिअरमुळं ते तसेही हलत नाहीत, दात मात्र तुटतील.) मोटर एकटी मोकळी फिरते आणि हात जड लागतात, तर दोष मोटरचा नाहीच. हातही मोकळे आणि फ्यूज तरीही उडतोय, तर कुठंतरी वायर घासून बॉडीला लागतेय, बॉडीतनं वायर आत येते त्या भोकाच्या रबरापाशी पहिलं बघा.

दुसरं कलम, "वायपर हळू चालतो म्हणजे मोटर म्हातारी झाली, नवीन टाका." हे वाचून किती लोकांनी चांगल्या मोटरी भंगारात घातल्या असतील! जुन्या गाडीत हळू वायपरचं कारण बऱ्याचदा अर्थिंग असतं, म्हणजे बॉडीतनं बॅटरीच्या मायनसला परत जाणारी करंटची वाट. मोटर जिथं बसते तिथं रंग, गंज, रबर, त्यामुळं करंटला परत जायला धड वाट नसते. इथं करंट कमी पडतो, म्हणून फ्यूज उडत नाही, आणि जाम असेल तर करंट वाढतो म्हणून उडतो. दोन्हीत वायपर हळूच, पण आजार एकमेकांच्या उलटे, हे एवढं कळलं तरी निम्मं काम झालं. वायपर चालू ठेवून मल्टीमीटरची एक पिन मोटरच्या बॉडीला आणि दुसरी बॅटरीच्या मायनसला लावा. अर्ध्या व्होल्टच्या वर दाखवलं तर अर्थिंग खराब. मीटर नसेल तर एक जाड वायर तात्पुरती त्याच दोन जागी धरा, वायपर पळायला लागला तर निदान झालं. टेस्ट लॅम्प पेटला म्हणून करंट नीट येतोय असं धरू नका, त्या छोट्या बल्बला एवढासा करंट लागतो, तो खराब जॉइंटमधनंही पेटतो. मोटरचा लोड असतानाच मोजायचं.

तिसरं, "वायपर मध्येच थांबत असेल तर बॅटरीवरून डायरेक्ट वायर आणि साधा बटण." मोटरच्या गिअरच्या झाकणाखाली पार्क स्विच असतो, आपण बंद केलं तरी वायपरच्या पट्ट्या खाली येईपर्यंत तो करंट चालू ठेवतो. त्याचे पॉइंट काळे पडले की पट्टी मध्येच थांबते. झाकण उघडून पॉइंट बारीक पॉलिश पेपरनं साफ करा. डायरेक्ट वायर टाकली की पट्ट्या आपोआप खाली येणं कायमचं गेलं, वर फ्यूजही नाही, म्हणजे पुन्हा केळघर घाट.

चौथं, मोटरमध्ये रॉकेल सोडायचं. आत कार्बन ब्रशपाशी ठिणग्या उडतात. तिथं रॉकेल? एवढंच विचारतो.

पाचव्या कलमात लिहिलंय की फ्यूज काढून त्याची टोकं घासून परत बसवा. हे मात्र बरोबर आहे, नाईलाजानं मान्य करतो. या जुन्या फ्यूजची टोकं आणि त्यांना धरणाऱ्या पत्र्याच्या पट्ट्या हवेनं काळ्या पडतात, नुसता बोटानं जागेवर फिरवला तरी बंद वायपर चालू झालेला मी बघितलाय. शेवटचं बटाट्याचं, काचेवर पाणी थांबू नये म्हणून कापून चोळा म्हणे. चोळा, पण घाटात काच बटाट्यावर सोडू नका.

मामांच्या गाडीचे दोन्ही स्पिंडल काढून साफ केले, नवीन रबर, नवीन ग्रीस, वायरिंगचा जळलेला तुकडा बदलला, मोटरला वेगळी अर्थिंगची वायर दिली. मोटर तीच. पांढरा ८ चा फ्यूज लावलाय आणि तसलेच दोन डॅशबोर्डच्या खणात. ज्यांनी ज्यांनी तो मेसेज वाचून चांदी गुंडाळलीय त्यांनी आत्ता जाऊन ती काढा, गाडी त्यानंतरच चालू करा.