इन्फ्रारेड सौना म्हणजे टॅनिंग बेड नव्हे

मेलबर्नला माझ्याकडे आलेल्या मावशीला मी गेल्या आठवड्यात इन्फ्रारेड सौनाला, म्हणजे अदृश्य उष्णकिरणांनी अंग शेकून घाम काढणाऱ्या खोलीत, घेऊन गेले. लाकडी खोलीतल्या तापणाऱ्या पट्ट्या आणि वरचा लाल दिवा पाहून ती दारातच थबकली. “अगं, यात बसून मी काळवंडणार तर नाही ना?” तिची शंका रास्त होती, कारण याच शहरात एकेकाळी लोक कातडी रापवून घेण्यासाठी पैसे मोजून अतिनील दिव्यांच्या पेटीत, म्हणजे टॅनिंग बेडमध्ये, झोपत असत, आणि या दोहोंची गल्लत आजही पुष्कळ जण करतात.

टॅनिंग बेडच्या नळ्या मुख्यतः ३१५ ते ४०० नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील ‘ए’ आणि थोडे अतिनील ‘बी’ किरण सोडतात. हे किरण पेशींतल्या डीएनएला इजा करतात. त्वचेवर चढणारा रंग ही त्या इजेपासून वाचण्याची तिची धडपड असते, म्हणूनच ‘आधी थोडे रापून घेतले की ऊन बाधत नाही’ हा समज मला घातक वाटतो. इन्फ्रारेड किरण साधारण ७८० नॅनोमीटरच्या पुढचे. त्यांच्यात डीएनएचे बंध तोडण्याइतकी ऊर्जा नसते, ते फक्त तापवतात. चुलीपुढे बसल्यावर गालांना लागते ती हीच धग.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००९ मध्ये टॅनिंगची यंत्रे तंबाखूच्याच गटात, म्हणजे निश्चित कर्करोगकारकांत टाकली. त्याआधी, २००७ मध्ये, मेलबर्नची क्लेअर ऑलिव्हर अवघ्या २६व्या वर्षी मेलानोमाने, म्हणजे त्वचेच्या घातक कर्करोगाने, गेली. अखेरच्या दिवसांतही ती सोलारियमविरुद्ध, म्हणजे टॅनिंग बेडच्या केंद्रांविरुद्ध, बोलत राहिली. मेलबर्न ज्यात येते त्या व्हिक्टोरिया राज्यात २०१५ पासून व्यावसायिक सोलारियमवर बंदी आहे, आणि ती सर्वत्र यावी असे मला मनापासून वाटते.

याचा अर्थ सौना सर्वांना निर्धोक आहे असा मुळीच नाही. तिथला धोका उष्णतेचा आहे: शरीरातले पाणी कमी होते, रक्तदाब उतरून भोवळ येऊ शकते. गरोदर स्त्रियांनी आणि हृदयविकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय आत जाऊ नये, मद्य घेऊन तर कोणीच जाऊ नये. वर्षानुवर्षे एकाच जागी लागणारी धगही त्वचेला सोसत नाही. काश्मीरमध्ये अंगाशी कांगडी, म्हणजे निखाऱ्यांची छोटी शेगडी, धरणाऱ्यांना होणारा त्वचेचा कर्करोग वैद्यकाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. आणि घामावाटे ‘विषारी द्रव्ये’ निघून जातात, ही जाहिरात मला पटत नाही. ते काम यकृत आणि मूत्रपिंडे करतात.

मावशी रक्तदाबाची गोळी घेते, म्हणून तिच्या डॉक्टरांना आधीच विचारले होते. ती दहा मिनिटे बसली, बाहेर येऊन पेलाभर पाणी प्यायली. काढून ठेवलेल्या पाटल्या परत चढवताना तिने मनगटावरच्या फिकट पट्ट्याशी हाताचा रंग ताडून पाहिला. दोन्ही होते तसेच होते.