आडव्या वाऱ्यातली पाच ‘गुपितं’ आणि एक वैतागलेला मामा

काल रात्री भाच्याचा मेसेज आला: “मामा, हे बरोबर आहे ना?” खाली सगळीकडे फिरत असलेला तो फॉरवर्ड, जोराच्या आडव्या वाऱ्यात छोटं विमान उतरवण्याची पाच गुपितं. पोराच्या सोलो फेऱ्या, म्हणजे एकट्याने विमान उडवणं, नुकत्याच सुरू झाल्यात. दुसऱ्या कोणी पाठवलं असतं तर डिलीट करून झोपलो असतो.

गुपित पहिलं: वाऱ्याचे झोत असतील तर त्यांनी वारा जितका वाढतो तो सगळा आकडा अप्रोचच्या, म्हणजे उतरायला रनवेकडे येतानाच्या, वेगात मिळवा, वर थोडा आणखी, आणि योक (विमानाचं स्टिअरिंग) पुढे दाबून चाकं टेकवा, म्हणजे वारा विमान उचलू शकत नाही.

हे वाचून माझं डोकं फिरलं. वेग थोडा वाढवायचा असतो, एवढं यात खरं आहे, नाइलाजाने मान्य. पण किती? अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाच्या, एफएएच्या, एअरप्लेन फ्लाइंग हँडबुकातलं उदाहरण साधं आहे: नेहमीचा वेग 70 नॉट (नॉट म्हणजे ताशी सागरी मैल), झोतांची वाढ 15 नॉट, तर 77 ने या. म्हणजे झोताचा निम्मा भाग. पूर्ण मिळवून 85 ने आलात तर विमानातली गतिज ऊर्जा 70 च्या जवळपास दीडपट होते, कारण ती वेगाच्या वर्गाने वाढते. असं विमान खाली बसतच नाही. रनवेवर तरंगत राहतं, आणि तरंगतं तेवढा वेळ वारा त्याला बाजूला ढकलत असतो.

मग घाबरलेला माणूस योक दाबतो. आधी टेकतं नाकाखालचं चाक. ते विमान पेलण्यासाठी नाहीच. एक उसळी, पुन्हा दाब, दुसरी उसळी आधीपेक्षा मोठी, आणि तिसऱ्यात नोज व्हील मोडतं किंवा प्रोपेलर रनवेला घासतो. उसळी बसली नाही तरी सुटका नाही: पंख अजून वजन उचलून धरतायत, मुख्य चाकं हलकी आहेत, सगळा भार पुढच्या एका चाकावर. हातगाडी ढकलल्यासारखं ते विमान त्या चाकाभोवती फिरायला मोकळं असतं, आणि शेपटीवर बाजूने वारा थापडा मारतोच आहे. यातून वाचायचा उपाय म्हणे ‘आणखी दाबा’!

दुसरं: नाक वाऱ्याकडे वळलेलंच ठेवून टेका, चाकं विमान आपोआप सरळ करतात. एर्कूप या जुन्या छोट्या विमानाला मुळात रडरचे (शेपटीवरची नाक वळवणारी उभी फळी) पेडलच नव्हते, ते असंच तिरकं उतरायचं. बी-52 बॉम्बरची तर चाकंच वळवता येतात. तुझं विमान यांपैकी कोणतं, बाळा? फायनलवर, म्हणजे रनवेसमोरच्या शेवटच्या सरळ टप्प्यात, खेकड्यासारखं तिरकं येणं ठीक. टेकण्याआधी मात्र रडरने नाक सेंटरलाइनला आण, वाऱ्याकडचा पंख एलेरॉनने (पंखाच्या मागच्या कडेची हलती फळी) खाली ठेव, त्या बाजूचं चाक आधी टेकू दे. एका चाकावर उतरणं दिसायला भीतीदायक, पण बरोबर तेच आहे.

तिसरं, टेकल्यावर एलेरॉन मधोमध आणा. उलट! वेग उतरतो तसा एलेरॉनचा जोर कमी होतो, म्हणून ते वाऱ्याकडे आणखी वळवत न्यायचे, शेवटी पूर्ण.

चौथं, गो-अराउंड, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर जाणं, नवशिके करतात. यावर शब्द खर्च करत नाही. सेंटरलाइन सुटली की पॉवर द्यायची, बस्स.

पाचवं: सेसना 172 ची मर्यादा 15 नॉट, त्याच्या आत निर्धास्त राहा. पुस्तकातला तो आकडा मर्यादा नाही, चाचणीत उतरून दाखवलेला क्रॉसविंड (आडवा वारा) आहे, तोही सरावलेल्या वैमानिकाने. तुझी मर्यादा तू आणि तुझा इन्स्ट्रक्टर ठरवणार. शिवाय मोजायचा तो वाऱ्याचा आडवा भाग, रनवेला काटकोनात येणारा.

म्हणून त्याला एक गणित घातलं: रनवे 27 (म्हणजे दिशा 270 अंश), टॉवर सांगतोय वारा 310 अंशांवरून 22 नॉट, झोत 30. पाच मिनिटांनी उत्तर आलं, “कोन 40 अंश. आडवा 14, झोतात 19. पण मामा, 14 तर 15 च्या आतच आहे.”

“आणि तू टेकत असतानाच झोत आला तर?”

बराच वेळ नुसतं टायपिंग दिसत होतं. मग आलं, “दुसरा रनवे आहे का तिथे?”