कमवायला लागल्यावर आपोआप कळत नाही

गेल्या आठवड्यात औशाहून बहिणीचा फोन आला. शाळेच्या आनंदनगरीत भाचीला भेळेचा स्टॉल लावायचा होता आणि ताईने तिला साफ नाही म्हणून सांगितले होते. कारण विचारले तेव्हा तिने व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा एक संदेश मला पाठवला. त्याचे म्हणणे असे : लहान वयात हातात पैसा आला की मुले हावरी होतात, आनंदनगरी, बचत बँक असल्या उपक्रमांत अभ्यास बुडतो, गरिबाच्या लेकरांची त्यात मानहानी होते, आणि शेतकऱ्याच्या पोराला हे शिकवायची गरजच नाही, कमवायला लागला की व्यवहार आपोआप कळतो. मी लातूर जिल्ह्यात 22 वर्षे गणित शिकवतो आहे. हा संदेश माझ्याच घरात पोचला, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

वयाचा आक्षेप आधी घेतो. रिझर्व्ह बँकेच्या 21 एप्रिल 2025 च्या परिपत्रकानुसार, 10 वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला बँकेने ठरवलेल्या मर्यादेत स्वतःच्या नावाने बचत खाते उघडता आणि चालवता येते. देशाची मध्यवर्ती बँक ज्या वयात मुलाला खाते चालवू देते, त्या वयात शाळेने त्याच्या हातात पैसे भरण्याची पावतीसुद्धा द्यायची नाही, हे मला पटत नाही. अभ्यास बुडण्याचे म्हणाल, तर नफा-तोटा आणि सरळव्याज हाच अभ्यास आहे. शिवाय 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेच सहावी ते आठवीच्या मुलांसाठी 10 दिवस दप्तराविना शिक्षण सुचवले आहे.

मानहानीच्या मुद्द्यात मात्र तथ्य आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. पुष्कळ ठिकाणी पदार्थ आई करते, सामान वडील आणतात, ज्याच्या घरी ऐपत त्याचा स्टॉल सजतो आणि बाकीची पोरे बघत उभी राहतात. पण त्यावर उपाय आहे. आम्ही प्रत्येक गटाला शाळेकडून सारखेच 150 रुपये भांडवल देतो आणि नफा मोजण्याआधी ते परत करायला लावतो.

आता तो शेवटचा, खरा घातक मुद्दा. सहावीच्या वर्गात मी विचारले, "बँकेचे पीककर्ज 7 टक्क्यांनी आणि गावातल्या सावकाराचे पैसे शेकडा पाचाने, स्वस्त कोणते?" निम्म्याहून अधिक हात सावकाराच्या बाजूने वर गेले, कारण सातापेक्षा पाच लहान. मग आम्ही फरशीवर 100 चिंचोके मांडले आणि दर महिन्याला 5 चिंचोके व्याज म्हणून बाजूला काढत गेलो. वर्षाला 60 झाले. विसाव्या महिन्याला व्याजाचा ढीग मुद्दलाएवढा झाला आणि मुद्दल जागचे हललेच नव्हते. बँकेचा दर सालाचा आणि सावकाराचा महिन्याचा, हे त्या पोरांना फळ्यावरून नव्हे, त्या दोन ढिगांवरून कळले. त्यांचे बाप वर्षानुवर्षे कमावत आहेत. त्यांतल्या कितीतरी जणांना हा फरक कर्ज अंगावर आल्यावर कळला.

ठेवींचेही तेच. बँकेतल्या ठेवीला 5 लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण असते, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसते. आपल्याकडे ठेवी अडकल्यावर मल्टिस्टेट (एकाहून जास्त राज्यांत चालणाऱ्या) पतसंस्थांच्या दारात पासबुक घेऊन उभी राहिलेली माणसे कमावती होती, त्यांतले काही तर पेन्शनर होते. आपोआप कळत असते तर ती तिथे उभी राहिली नसती.

मागच्या आनंदनगरीत एका मुलीने 10 रुपयांना एक अशा भेळेच्या 20 प्लेटा विकल्या आणि 200 रुपये कमावले म्हणून ती नाचत आली. आम्ही खर्च लिहायला बसलो : मुरमुरे 40, फरसाण 50, कांदा-टोमॅटो 25, चिंच-गूळ 20, द्रोण 10. उरले 55. तेवढ्यात तिनेच विचारले, "सर, आईने सकाळपासून कांदा चिरला, त्याचे किती धरायचे?" सोयाबीनचा हमीभाव सुचवताना कृषी खर्च आणि मूल्य आयोगसुद्धा घरच्या माणसांच्या मजुरीची किंमत धरतो, आपल्या घरांत मात्र ती क्वचितच कोणी धरते. अकरा वर्षांच्या मुलीला हा प्रश्न पडला तो भेळ विकल्यामुळे.

ताईला हे सगळे फोनवर सांगितले. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "लावू दे स्टॉल." भाचीला मी खर्चाच्या वहीत आईच्या मजुरीचा रकाना आधीच आखून ठेवायला सांगितला आहे.