एमआरआय नॉर्मल, म्हणजे अपस्मार नाही?
‘एमआरआय नॉर्मल आला म्हणजे अपस्मार नाही, ऑपरेशनचा तर प्रश्नच मिटला’ असा मेसेज फिरतो आहे. दोन्ही विधानं चूक. (ऑपरेशन म्हणजे झटके जिथून सुरू होतात तो मेंदूचा भाग काढणं.) एमआरआय मेंदूची रचना दाखवतो. अपस्माराचा झटका (फिट) ही मेंदूतली विद्युत गडबड असते. आक्रसलेला हिप्पोकॅम्पस (स्मरणशक्तीशी निगडित मेंदूचा भाग) सहसा दिसतो, पण कॉर्टेक्समधला (मेंदूच्या बाहेरच्या थरातला) बारीक जन्मजात दोष साध्या स्कॅनमधून निसटतो आणि ३ टेस्लाच्या (जास्त ताकदीच्या चुंबकाच्या), अपस्मारासाठी आखलेल्या स्कॅनमध्ये सापडू शकतो (तोही सरावलेल्या नजरेला). तिथंही काही दिसलं नाही, तर पेट स्कॅन, म्हणजे मेंदूचा कुठला भाग किती ग्लुकोज वापरतो ते दाखवणारी तपासणी: दोन झटक्यांच्या मधल्या काळात रोगट भाग बहुधा ग्लुकोज कमी वापरतो. स्पेक्टचं (रक्तप्रवाह दाखवणाऱ्या स्कॅनचं) उलट, झटका सुरू होताच किरणोत्सारी द्रव्याचं इंजेक्शन द्यायचं, मग तिथला वाढलेला रक्तप्रवाह टिपता येतो. मात्र नुसत्या चित्रावर ऑपरेशन ठरत नाही. ते चित्र व्हिडिओ-ईईजीशी, म्हणजे झटक्याचं चित्रीकरण आणि त्याच वेळच्या मेंदूतल्या विद्युत लहरींच्या नोंदीशी, जुळावं लागतं.