‘डबे आणि तारा’ या रिव्ह्यूबद्दल

नमस्कार साहेब,

आमच्या गेम बनवायच्या क्लासला एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंत, ‘तीन महिने पोरगा नुसते डबे तारांनी जोडतोय. कोडची एक ओळ नाही. हे कसलं प्रोग्रॅमिंग? फी पाण्यात.’ रत्नागिरीत गेम बनवायला शिकणारी पोरं मोजकी, त्यांचे आईवडीलही हे वाचणार, म्हणून उत्तर इथेच देतो.

ते डबे म्हणजे अनरियल इंजिन या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरचे ब्लूप्रिंट. एकेक डबा म्हणजे एक सूचना, तारा त्या जोडतात. 2014 पासून आहेत. युनिटी या दुसऱ्या गेम इंजिनच्या कंपनीनेही 2020 मध्ये बोल्ट नावाचं तसलंच टूल विकत घेतलं. पोरखेळ असता तर या कंपन्या त्यात पडल्या नसत्या.

आता तुमच्या मुलाचा गेम. भाट्याच्या खाडीत होडी फिरवायची, बटण दाबून धरलं की जोर वाढतो, सोडलं की जाळं फेकलं जातं. होडी नव्या कॉम्प्युटरवर सुसाट आणि कोपऱ्यातल्या जुन्यावर रडतखडत. कारण ‘टिक’ हा इव्हेंट दर फ्रेमला, म्हणजे स्क्रीनवर नवं चित्र काढलं की दर वेळी, चालतो. सेकंदाला 60 फ्रेम असल्या तर होडी 60 वेळा सरकते, 30 असल्या तर 30 वेळा. त्याने वेगाला ‘डेल्टा सेकंद’ने, म्हणजे मागच्या फ्रेमपासून गेलेल्या वेळाने गुणलं. दोन्हीकडे होडी सारखी पळायला लागली. सी प्लस प्लस या टाइप करून लिहायच्या भाषेतही हाच घोळ झाला असता आणि उपायही हाच. मी सांगितलं नव्हतं हं! गेम चालू असताना काम कुठल्या तारेतून पुढे जातंय ते स्क्रीनवर दिसतं, ते बघत बघत त्याने शोधलं. याला मी प्रोग्रॅमिंगच म्हणतो.

एवढ्यावर भागत नाही, हे तुमचं म्हणणं मान्य. ब्लूप्रिंट सी प्लस प्लसपेक्षा हळू चालतं. हजारो मासे दर फ्रेमला हलवायचे तर कोडच हवं. दोघांनी एकाच ब्लूप्रिंटमध्ये बदल केले तर ते जुळवताना डोकं फिरतं. गोडो या आणखी एका गेम इंजिनने तर चौथ्या आवृत्तीत आपलं व्हिज्युअल स्क्रिप्टिंग, म्हणजे असंच डबे जोडायचं टूल, काढूनच टाकलं. म्हणून आमच्या कोर्सचा दुसरा भाग सी प्लस प्लसचा आहे, आणि प्रवेशाच्या वेळी दिलेल्या पत्रकात तसं छापलंय. पहिल्या भागाची फी परत होणार नाही. दुसऱ्याला पाठवायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.

त्याआधी एखाद्या शनिवारी क्लासला या आणि होडीचा वेग त्यालाच बदलायला सांगा. निघताना फोन तेवढा करा, दुपारी लाइटचा भरवसा नसतो.