आधी गोठा, मग पाळणे

काल मिनेसोटा स्टेट फेअरला, म्हणजे अमेरिकेतल्या या राज्याच्या वार्षिक मेळ्याला, जाऊन आलो. आम्ही दोघं, सहा वर्षांची लेक आणि तीन वर्षांचा धाकटा. इथले ओळखीचे मराठी आईबाप दर ऑगस्टमध्ये विचारतात, लहान मुलांना घेऊन जायचंय, काय काय करू? आणि त्यांना सगळे तेच सांगतात: तळलेले चीज कर्ड्स, प्रोंटो पप (पिठात बुडवून तळलेलं सॉसेज), कुकीजची बादली, उंच घसरगुंडी, किडवे या लहान मुलांच्या भागातले पाळणे. हे सगळं छानच आहे. पण मला मनापासून वाटतं की सुरुवात तिथून करू नये. फाटकातून आत शिरलात की मुलांना आधी गुरांच्या गोठ्यात न्या.

गेल्या वर्षी आम्ही उलटं केलं होतं. साडेअकराला पोचलो. तोवर ऊन आणि गर्दी दोन्ही चढलेलं. जागा 322 एकर, आणि आम्हाला एका दिवसात सगळं बघायचं होतं. दुपारपर्यंत धाकटा रडून रडून बाबागाडीत झोपला, लेक घसरगुंडीच्या रांगेत कंटाळून भुईवर बसली. शेवटी निघता निघता दहा मिनिटं गोठ्यात डोकावलो. लेकीनं एका गाईच्या पाठीला हात लावायला पुढं केला आणि मी तो मागं ओढला. "शेण आहे तिथं, लांब हो," असं मी म्हणाले.

ते वाक्य वर्षभर मला टोचत राहिलं. कारण मी माणदेशातली. खरसुंडीची जत्रा आमच्यापासून बैलगाडीच्या वाटेवर. लेकीच्याच वयाची असताना अण्णा, माझे वडील, मला खांद्यावर बसवून खिल्लार जनावरांच्या दावणींमधून फिरवायचे. खोंडाचा खालचा ओठ ओढून दात दाखवायचे आणि त्यावरून वय सांगायचे. हा आदत, म्हणजे अजून दुधाचे दात, हा दोन दाती, हा चार दाती, हा जुळलेला, म्हणजे सगळे दात आलेला. टॉवेलाखाली हात घालून बोटांनी सौदा कसा ठरतो तेही मी तिथंच पाहिलं. पाळण्यातही बसायचो, पण सगळ्यात शेवटी, अण्णांचं काम झाल्यावर. तेव्हा माझ्या अंगाला शेण लागेल अशी काळजी कुणी केल्याचं मला आठवत नाही. आणि मीच माझ्या पोरीला हे शिकवत होते.

यंदा सकाळी लवकर निघालो. पार्क अँड राइडला गाडी लावली आणि फुकटच्या बसनं आठच्या आत फाटकावर. (धाकट्याला तिकीट नाही, चार वर्षांपर्यंतच्या मुलांना प्रवेश मोफत.) थोडा वेळ गोठ्यांतून फिरलो आणि मग थेट मिरॅकल ऑफ बर्थ सेंटर. इथं मेळ्याच्या बारा दिवसांत गाई, मेंढ्या, डुकरिणी लोकांसमोर वितात. पशुवैद्य आणि शेतीचं शिक्षण घेणारी शाळकरी पोरं हजर असतात, मोठ्या पडद्यावर जवळून दिसतं.

आम्ही गेलो तेव्हा एका काळ्या-पांढऱ्या गाईला कळा सुरू झालेल्या. चाळीस मिनिटं आम्ही कठड्याला धरून उभे होतो. माझी एका जागी पाच मिनिटं न बसणारी लेक हलली नाही. आधी पुढचे दोन खूर दिसले, पिवळसर, ओल्या साबणासारखे मऊ. मग त्या खुरांवर टेकलेलं नाक. वासरू बाहेर आलं, गाय उठली, वळली आणि त्याला चाटायला लागली. लेकीनं विचारलं, "ती त्याला पुसतेय का?" हो, पुसतेय. चाटून चाटून त्याचं रक्त फिरवतेय. पशुवैद्य बाई माईकवर सांगत होत्या की वासराच्या अंगात जन्मतः रोगाशी लढायची ताकद नसल्यात जमा असते, ती पहिल्या काही तासांत पोटात जाणाऱ्या चिकातून, म्हणजे विल्यावरच्या पहिल्या दुधातून, येते. खरवस माझ्या मुलांना माहीत आहे. तो मुळात कुणाचा हे त्यांना काल कळलं.

तिथून परत गोठ्यात. एक चौदा-पंधरा वर्षांची मुलगी आपल्या कालवडीला धूत होती. फोर-एच या मुलांच्या संघटनेतली पोरं ही, वर्षभर एक जनावर सांभाळतात आणि मेळ्यात परीक्षकांपुढं उभं करतात. जनावराला काय खाऊ घालता, किती घालता, असं परीक्षक त्यांनाच विचारतात, आईबापाला नाही. त्या मुलीनं लेकीच्या हातात ब्रश दिला आणि केसांच्या दिशेनं फिरवायला सांगितलं. मी या वेळी हात मागं ओढला नाही. बाहेर पडताना साबणानं नीट हात धुतले, गोठ्यात खाणंपिणं काढलं नाही. तेवढं पुरतं.

हे मी इतकं का सांगतेय? तर हा मेळा मुळातच शेतकऱ्यांचा. मिनेसोटा राज्य झालं 1858 साली आणि पुढच्याच वर्षी पहिला स्टेट फेअर भरला. 1885 पासून तो आजच्या जागी भरतो. आजही तो चालवणारी संस्था शेतीचीच आहे, नावासकट. 2019 मध्ये बारा दिवसांत 21 लाखांवर माणसं येऊन गेली. त्या गर्दीत कितीतरी मुलं तळलेलं खाऊन, पाळण्यात बसून घरी जातात आणि त्यांना गाय दिसतच नाही. आपल्या मराठी घरांबद्दल मला जास्त वाटतं. आपल्यातल्या बहुतेकांच्या मागं दोन पिढ्यांवर गोठा आहे. पण मुलांपुढं आपण गावाबद्दल बोलतो ते धूळ, डास आणि नेटवर्क नाही एवढंच. इथं त्याच कामाला लोक टाळ्या वाजवतात, पोरांच्या छातीवर फीत लावतात. मुलांनी ते बघावं आणि आजोबा काय करत होते ते त्यातून ओळखावं.

डेअरी बिल्डिंगही सोडू नका. तिथं काचेच्या फिरत्या थंड खोलीत नव्वद पौंडांच्या, म्हणजे जवळजवळ 41 किलोंच्या लोण्याच्या ठोकळ्यातून दूध उत्पादकांच्या मुलींचे चेहरे कोरतात, ती मुलगी समोर कोट घालून बसलेली असते. 1965 पासून ही पद्धत आहे. धाकटा काचेला नाक लावून "लोणी, लोणी" करत राहिला. लिटल फार्म हँड्स या लहान मुलांच्या शेती-शेती खेळात त्यानं टोपली घेऊन भाजी गोळा केली, ती विकली, मिळालेल्या खोट्या डॉलरचा खाऊ घेतला. मग दोन पाळणे, पोटभर दूध आणि दोन वाजता परतीची बस. अर्धा मेळा बघायचा राहिला आणि कुणीही रडलं नाही.

रात्री आठला अण्णांना व्हिडिओ कॉल लावला. तिकडं सकाळचे साडेसहा, धार काढून ते ओट्यावर बसलेले. लेकीनं फोन माझ्या हातातून घेतला.

"आजोबा, मी बाळ होताना बघितलं. गाईचं."

"कालवड हाय का खोंड?"

"मुलगी आहे."

"म्हंजी कालवड. चिक पाजला का तिला?"

"हो, बाटलीनं."

"आन् उठायला किती येळ लागला?"

"पाच वेळा पडली. मग उभी राहिली."

"म्हागलं पाय आदी उचललं का म्होरलं?"

लेक थोडा वेळ गप्प झाली. मग फोन जमिनीवर टेकवून ठेवला, हात-गुडघ्यांवर ओणवी झाली आणि आधी मागचा भाग वर उचलून, डुलत डुलत, मग हात सरळ केले.

"बराबर," अण्णा म्हणाले. "आस्संच."